मुलगी बघायला आले, मी फोस दाखवली

आता काय सांगू तुम्हाला! माझा घोळ ऐकायचाय? मग आधी कप खाली ठेवा, नाहीतर चहा नाकातून येईल.

मोठ्या वादळात आमचं गवताचं घर उडालं. मग रोझ बेल गावात सिमेंटचं घर बांधलं आणि मागे संडासासाठी नवी कोरी फोस. सेप्टिक टाकी हो! इथं बेटावर आम्ही फोसच म्हणतो. पण आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर पास करेपर्यंत ती वापरायची नाही. विहिरीपासून अंतर कमी भरलं तर फोडा आणि पुन्हा खणा! मी रोज पावलांनी मोजायचो. रोज वेगळंच भरायचं!

शनिवारी इन्स्पेक्टर येणार होता. रविवारी माझ्या बहिणीला, सावित्रीला, बघायला मोंतान्य ब्लांश गावची माणसं.

शनिवारी सकाळी फाटकात एक गृहस्थ. डोक्यावर हॅट, खिशातून मोजपट्टी डोकावतेय. आणखी काय पुरावा हवा?

"मास्तरांचं घर हेच ना? बघायला आलोय."

"या साहेब! ती मागे आहे."

"मागे? बरं... वय काय?"

"तीनच महिने, साहेब!"

ते थबकले. मला वाटलं, सिमेंट कच्चं आहे असं वाटलं की काय यांना!

"पण मजबूत आहे हो! दहा माणसांचं सहज सोसेल. आवाज नाही, वास नाही!" असं म्हणत मी झाकण उचललं. "वाका ना, नीट आत बघा!"

गृहस्थ वाकले. आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, मी मुलाचा काका. त्याला सुट्टी सोमवारची मिळालीय, म्हणून उद्याऐवजी सोमवारी येऊ, तेवढं सांगायला आलो. म्हटलं, आलोच आहे तर मुलगी बघून जाऊ."

आयो! त्या फोसमध्येच उडी मारावीशी वाटली! बहिणीचं लग्न मी झाकण उघडून मोडलं होतं. स्वयंपाकघरात सावित्रीचं हसू थांबेना.

काका मात्र अजून वाकलेलेच. "मी गवंडी आहे. हवेची नळी कुठाय? असं कोण पास करील?"

मोजपट्टी गवंड्याची होती तर! त्यांनी अंतर मोजलं, ते भरलं. दुपारपर्यंत नळीही बसवली आणि सावित्रीच्या हातचं जेवूनच गेले.

इन्स्पेक्टर काही त्या दिवशी आलाच नाही.

सोमवारी शाळेतून येतो तर दारात इस्त्रीच्या शर्टातला तरुण! या वेळी मी चुकणार होतो का? त्याला चांगल्या खुर्चीवर बसवलं. सावित्री साडी नेसून चहा आणि गातो, म्हणजे केक, घेऊन आली. तिचं शिवण, तिचा स्वयंपाक, सगळं मी सांगितलं. तो लाजून खात होता. दुसरा गातो संपवून हळूच म्हणाला, "मेर्सी, मास्तर. पण... कोत फोस-ला?"

फोस कुठाय!

सावित्री ट्रे घेऊन आत पळाली. त्यानं मोजलं, नळी बघितली, सही केली. पास! माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात फाटक पुन्हा वाजलं. आता मी कसली जोखीम घेतो? तिथूनच ओरडलो, "मुलगी बघायचीय की फोस?"

"काकांनी दोन्हींचं कौतुक केलंय," फाटकातला तरुण हसत म्हणाला. "पण आधी मुलगी दाखवा!"

त्याच संध्याकाळी लग्न ठरलं. सावित्रीनं एकच अट घातली: मांडवात दादानं पाहुण्यांचं स्वागत करायचं नाही.