बोटाला विचारणारी रेवती

फोन समोरच्याच्या हातात द्यायचा, आपले हात पाठीमागं बांधायचे आणि तोंड बंद ठेवायचं, ही रेवतीची कामाची पद्धत. माणूस चुकीचं बटण दाबायला लागला की मी ओरडायचो, "अहो, वरचं, वरचं!" ती डोळे वटारायची. "दादा, उद्या प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसणार आहात का?"

मी काष्टीच्या बाजारात बैलांची दलाली करून वर आलेला. जनावरांच्या खरेदी-विक्रीचं ॲप काढायचं मनात घेतलं आणि नगरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. ॲपचे स्क्रीन आखायला डिझायनर हवी होती. रेवती पाथर्डीची, पुण्यातलं काम सोडून आली. पगारावर घासाघीसही केली नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "बैलबाजार कधी पाहिला नाही, म्हणून."

पहिल्या स्क्रीनवर बैलाचा फोटो आणि खाली ठळक भाव. बाजारात एका म्हाताऱ्याच्या हाती फोन दिला. "लई भारी," तो म्हणाला आणि खांद्यावरचं उपरणं काढून त्यानं फोनच झाकला. "भाव असा चावडीवर मांडत्यात व्हय, पोरी?"

आमच्याकडे सौदा उपरण्याखाली होतो. बोटं धरायची, भाव सांगायचा, शेजारच्याला पत्ता लागत नाही. हे मला जन्मापासून ठाऊक, तरी ॲप काढताना माझ्या डोक्यात आलं नाही. मी चिडलो. रेवती मात्र तिथंच शेणात उभी राहून हसत होती. "काय मस्त चुकलो आपण, दादा! म्हणून बोटाला विचारायचं. तोंड लई भारी म्हणतं, बोट खरं सांगतं."

तिनं सगळं मोडून नवं आखलं. अंगठा दाबून धरला तरच भाव दिसायचा. उचलला की गायब. पुढच्या बाजारी तोच म्हातारा अंगठा ठेवून गालात हसला. रेवतीचा चेहरा असा फुलला, जणू तिचाच बैल विकला गेला. कामात एवढं सुख असतं, हे मी तिच्याकडं बघून शिकलो.

मग पुण्याची एक कंपनी आली. ॲप सगळ्या बाजारांत नेऊ म्हणाली, पण भाव उघडे हवेत. मी बंद दाराआड ताणून ताणून सौदा पदरात पाडला आणि बाहेर येऊन रेवतीला म्हणालो, "भाव उघडे कर."

"तुमचा सौदा झाकून, आणि बाजारातल्यांचा उघड्यावर?"

"तुझ्या मजेवर लाईटबिल भरत नाही मी!"

"मग दुसऱ्याकडून आखून घ्या, दादा." बॅग उचलून ती कंपनीच्या लोकांदेखत निघून गेली. माझी अब्रू गेली. दुसऱ्यानं आखलं. बाजारकऱ्यांनी ॲप फोनमधून उडवलं, कंपनीनं हात वर केले. मी अजून म्हणतो, तिनं भांडायला थांबायला हवं होतं. माझ्याशी भांडल्याशिवाय कुणाला काही मिळालंय का?

आता ती बंगळुरात मोठ्या ठिकाणी आहे. परवा मी फोन केला.

"मजा येते का गं?"

"पगार चांगला आहे, दादा."

"मी मजेचं विचारलं."

मग म्हणाली, "इथं वापरणाऱ्यांचे नुसते आकडे येतात. बोटं दिसत नाहीत."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याचाही राग मी तिच्यावरच धरून आहे.