पहिल्या तारेखालचं सॅडल

माझ्या गिटारची पहिली तार लागोपाठ दोन कार्यक्रमांत ऐन रंगात आलेल्या गाण्यात तुटली. दुसऱ्या वेळी आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक स्टेजवरून उतरताना म्हणाला, "आता रविवारी तुटली, तर तुयाबिगर कीबोर्डावरच भागवतो गा." वीस वर्षं वाजवतोय मी! अंगाची नुसती लाही लाही झाली.

गिटारच्या पोटावरच्या पट्टीवर, म्हणजे ब्रिजवर, तार ज्या इवल्याशा धातूच्या तुकड्यावर टेकते, ते सॅडल. तारा सहा, सॅडलही सहा. माझी घामानं पार गंजली होती. मी पितळेची नवी मागवली, दुपारभर स्क्रू पिळत बसवली, सूर जुळवले. आवाज असा खणखणीत निघाला की एकटाच हसलो. दुसऱ्या दिवशी सरावाला बसलो आणि ताडकन पुन्हा तीच तार, त्याच जागी! घ्या! विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला.

बाबा दारात उभे होते. त्यांनी चाळीस वर्षं हातमागावर लुगडी विणली. माग विकल्यापासून "आता या हातायले काही काम नाही" हे त्यांचं पालुपद.

"काहून चिडून राहिला?"

मी तुटलेली तार दाखवली.

"धागा आपल्या मनानं नाही तुटत गा. त्याले कोणी तरी कापते."

ते रेशमाचा धागा घेऊन आले. मागाच्या फणीचा कोणता दात खरखरीत झालाय, हे ते असाच धागा ओढून शोधत. मला तारा सैल करायला लावून त्यांनी तो एकेका सॅडलच्या खाचेतून ओढला. पाचांतून सुळकन गेला. पहिल्या तारेच्या खाचेत अडला, त्याचा एक तंतू उभा राहिला.

"हा घे तुया चोर!"

नव्याकोऱ्या पितळेला बारीक धार राहिली होती. पॉलिश पेपरची घडी घेऊन ते घासत बसले. घासायचं, धागा ओढायचा, पुन्हा घासायचं. मला हात लावू देतील तर शपथ.

रविवारी ते पहिल्या रांगेत बसले. सगळे गाणारीकडे बघत होते, बाबा माझ्या ब्रिजकडे. तार शेवटपर्यंत टिकली. मालकानं विचारलं, "कोणाकडून करून घेतलं?" मी बाबांकडे बोट दाखवलं, तेव्हा ऊर भरून आला होता माझा. आमच्या बेसवाल्यानं तिथंच आपली गिटार त्यांच्या हातात दिली.

ती मांडीवर घेऊन ते स्कूटरवर माझ्यामागे बसले. घर जवळ आल्यावर म्हणाले, "उद्या सकाळी मले भाजीले धाडू नको गा. काम आहे."