पुरे म्हणणारी

आमच्या बडोद्याच्या घरात मासा होता, पण ताटात कधी आला नाही. मी रत्नागिरीकडचा, मासळीवर वाढलेला. बायको सुमन इथल्याच शाकाहारी नागरवाड्यातली, मासळीच्या वासानं नाक धरणारी, आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी! बैठकीतल्या टाकीत तिचा लांबोडा आफ्रिकी मासा, समोर मी वांग्याची भाजी गिळतोय. शेजारच्या हंसाबेन दारातूनच विचारायच्या, "सुमनबेन, आ खावानी छे?" ही म्हणे, "ना, जोवानी छे." म्हणजे नुसती बघायची! मी आतून ओरडायचो, "ए ज तो दुःख छे!"

तिला वेड खवल्यांचं. बाजारातल्या माशाचा खवला पापुद्र्यासारखा. या कोट्यवधी वर्षं जुन्या घराण्यातल्या माशाचा मात्र जाड, कौलासारखा, चकचकीत.

"अहो, हा वरून चिकटवलेला नाही, कातडीत तयार होतो. खाली हाड, वर दातासारखी चकाकी. ती एकदम येत नाही, थरावर थर चढतो."

"मग दातांच्या डॉक्टरला दाखव!"

"चेष्टा पुरे. घासायला बसा."

मी वाघोडियाला कारखान्यात फिटर. दिवसभर लोखंड घासायचं, घरी येऊन खवला. ती कॉलेजातल्या नमुन्यांतून आणलेल्या तसल्याच खवल्याचा उभा काप काचपट्टीवर चिकटवून द्यायची. मी तो कुरुंदाच्या खरखरीत पुडीवर पाणी टाकून गोल गोल घासायचा. जाड राहिला तर उजेड आरपार जात नाही, थर दिसत नाहीत. जास्त घासला तर खवलाच जातो. ती पट्टी खिडकीशी धरून म्हणायची, "अजून. अजून." मग एकदम, "पुरे!"

एकदा ती फोनवर बोलत बसली. 'पुरे' आलं नाही, मी घासत राहिलो. पट्टीवर नुसती काच उरली.

"अहो, डोळे कुठे होते तुमचे?"

"डोळे तुझ्याकडे. माझ्याकडे फक्त बोटं."

दोन दिवस कुरुंदाची पुडी कुलपात. तिसऱ्या दिवशी नवा काप पुढ्यात.

माशाचा एक खवला दगडाला घासून गळला होता, तिथे नवा उगवला. त्यावर चकाकीचे किती थर चढले, हे तिला बघायचं होतं. मासा मेल्यावर तो एकच तसला खवला हाती आला. काप अर्धा घासून झाला आणि तिच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात खाटेवरून मला दटावते काय, तर, "घाई करू नका. मी आल्यावर."

आली नाही.

पट्टी कित्येक महिने फडताळात होती. बघितली की डोकं उठायचं. परवा चिडून बसलोच. घासलं, खिडकीशी धरलं. कुणी काही बोलेना. अजून थोडं घासलं. हात थांबायला तयार नाही, त्याला सवयच नाही आपलं आपण थांबायची. शेवटी मीच ओरडलो, "पुरे!" तर हंसाबेन धावत आल्या, "शुं थयुं, भाई?"

तिच्या सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी ठेवली. खाली हाड, वर चकाकी, चकाकीत एकावर एक बारीक रेघा.

दिसतात गं रेघा. पण त्यातली थराची कुठली आणि माझ्या घासण्याचा ओरखडा कुठला, ते कोण सांगणार? बोटांचं काम मी केलं. पुढचं तुझं होतं.