लेकीच्या जेवणाची वही

आमची लेक रोज सकाळी एक अंडं खाते, असं मी तिच्या वहीत वाचलं आणि मला हसूच फुटलं. सासूबाई माळकरी. आमच्या उंबऱ्याच्या आत अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. पुढे वाचलं, तर दूध एक पेला, केळी दोन, दुपारी पोळी, भाजी, वरण, भात, रात्री साडेसातला पुन्हा तेच, वर दही. म्हटलं, "अगं, हे घर कुणाचं? मलाही ने की तिथे जेवायला."

ती हसली नाही. त्या दिवशी तिला हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सांगते. ऐंशी ते नव्वदच्या मधली, शेवटाकडची वर्षं. धुळ्यातल्या तिच्या कॉलेजात मुलींची फुटबॉलची टीम उभी राहिली होती आणि त्यांना शिकवणाऱ्या तरुण बाई त्याच पोरींवर संशोधन करत होत्या. वजन घ्यायच्या, नाडी मोजायच्या, बोटाला सुई टोचून रक्त तपासायला पाठवायच्या. मैदानावर चुन्याच्या दोन रेघा मारून शिटीवर इकडून तिकडे पळवायच्या. शिटी भरभर वाजत जायची, जी मागे पडली ती बाद. आणि प्रत्येकीला एक वही दिलेली. आज काय खाल्लं, किती, किती वाजता.

आमची लेक पहिल्या हाफात कुणाला सापडायची नाही. दुसऱ्या हाफात नुसती चालायची. शिटीच्या परीक्षेत तर चक्कर येऊन खालीच बसली. रक्त कमी निघालं. बाईंनी वही पाहिली, तर खाणं उत्तम! मग त्यांनी अर्थ काढला, की एवढं खाऊनही अंगी लागत नाही म्हणजे मुळात प्रकृतीच नाजूक. जळगावच्या स्पर्धेच्या यादीतून नाव काढलं आणि घरी चिठ्ठी दिली, डॉक्टरांना दाखवा, तूर्त खेळ नको.

"झालं ते बरं झालं," आमचे हे म्हणाले.

पोरीचं पळणं सासूबाईंना खुपायचंच, त्या तर वाटच बघत होत्या. "पोरगी शे का घोडं शे व? किती पयस ती!"

लेकीने बूट धुतले, उन्हात वाळवले आणि माळ्यावर टाकले. रडली असती तर मी समजूत घातली असती. रडलीही नाही. म्हणून मी वही उघडली होती.

"खोटं का लिहिलंस?"

"सगळ्याच लिहितात, आई. एकीने एक अंडं लिहिलं की दुसरी दोन लिहिते. मी एकटीने चहा आणि शिळी भाकरी लिहू?"

"आणि साडेसात कुठले?"

"नऊ लिहिलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, इतका उशीर का म्हणून."

त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. ती सहाला मैदानावरून यायची. हे आठला डेपोतून यायचे. मग हे आणि दोन्ही मुलगे बसायचे, मग सासूबाई, मग आम्ही दोघी. तोवर उडदाची डाळ भांड्याच्या तळाला गेलेली. आणि वाढणारी कोण? मीच! दुसऱ्या कुणाला बोल लावू?

मी चौथीपर्यंत शिकलेली. त्याच वहीच्या मागल्या बाजूने मी लिहायला घेतलं. सकाळी चहा आणि कालची भाकरी. कॉलेजात काही नाही. सहाला चहा. रात्री नऊला, सगळ्यांचं झाल्यावर, दीड भाकरी, मिरचीचा ठेचा, डाळ उरली तर. अक्षर वाकडं होतं, मजकूर सरळ होता.

"घरची लाज कॉलेजात वाटायला निघालीस?" ह्यांनी विचारलं.

"तुमचं नाव कुठे लिहिलंय? भाकरीचं लिहिलंय," म्हटलं आणि चपला घातल्या.

बाईंनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे बाकीच्या मुलींच्या वह्यासुद्धा..."

"अहो, पोरी तुम्हाला आवडेल तेच लिहितात."

"माझं सहा महिन्यांचं काम आहे हो हे!"

"माझं अठरा वर्षांचं आहे," मी म्हटलं. "पोरगी नाजूक नाही. उपाशी आहे. आधी ती चिठ्ठी मागे घ्या."

चिठ्ठी त्यांनी लगेच मागे घेतली नाही, पण माणूस भलं होतं. मला खुर्ची दिली आणि समजावलं. खेळून आल्यावर तासाभरात खाल्लं तर शरीर खर्चलेलं भरून काढतं. तीन तास ताटकळत ठेवलं तर उद्याच्या पळण्याला काय उरणार? जेवणाबरोबर चहा नको, तो रक्ताला लागणारं लोह अडवतो. दूध-अंडं जमत नसेल तर भिजवलेले हरभरे, तीळ, गूळ, पालेभाजी, वर लिंबू पिळायचं. "यातलं काय नाही तुमच्या घरात?"

"सगळं आहे. तिची जेवायची वेळ येईपर्यंत उरत नाही."

यादी जायला महिना होता. बाई म्हणाल्या, तोवर खरं लिहा, मग पुन्हा पळवते.

त्या संध्याकाळपासून ती आली की सव्वासहाला तव्यावरची भाकरी तिच्या ताटात. डाळीची पहिली वाटी तिची. सासूबाई भांडी आपटायच्या. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. जेवणं मात्र सोडलं नाही, म्हणून मीही काळजी केली नाही.

आणि त्याच महिन्यात आली कानबाई देवी. आमच्या खानदेशात श्रावणात तिच्या नैवेद्याचे गव्हाचे रोट होतात. ते घरच्यांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे. आणि त्या रोटांचा गहू मोजायचा घरातल्या पुरुषांच्या नावाने, माणशी सव्वा मूठ. ह्यांची झाली, दोन्ही मुलांची झाली. मी आणखी एक सव्वा मूठ घेतली आणि परातीत टाकली.

"हाई काय करस व?" सासूबाई ओरडल्याच. "हाई कोन्ही मूठ?"

"तुमच्या नातीची."

"पोरगीनी मूठ नही ऱ्हास! ती परका घरनी."

"जाईल तेव्हा जाईल. आज ती या घरचं खाऊन पळते. आणि आत्याबाई, कानबाई स्वतः बाई आहे ना? तिला पोरीच्या गव्हाचा विटाळ होतो?"

"कोप व्हयना तर तुन्हावर!"

"होऊ द्या माझ्यावर."

गहू एकदा मिसळला की वेगळा कोण करणार? रोट झाले, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी झाली, सगळ्यांनी खाल्ले, सासूबाईंनीसुद्धा. मी वहीत लिहिलं, रोट दोन, सव्वासहाला.

महिन्याने मी मैदानाच्या कडेला उभी राहिले. साडी नेसलेली दुसरी कुणी नव्हती तिथे. शिटी भरभर वाजायला लागली. एकेक पोर गुडघ्यांवर हात टेकून थांबायला लागली. आमची थांबेना. शेवटी उरलेल्या चौघींत ती होती. पहिली नाही आली, उगाच कशाला सांगू? रक्तही थोडंच वाढलं होतं. पण बाईंनी यादीत तिचं नाव परत लिहिलं, माझ्यासमोर, शाईच्या पेनाने.

जळगावला जायच्या आदल्या दिवशी हे डेपोतून लवकर आले. ती ताटावर बसलेली. बापाला पाहून अर्धी उठली, सवयच ती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं.

"मला वाढ," हे म्हणाले. "भूक लागलीय."

"बसा ना," मी म्हटलं. "तिचं होऊ द्या."