इख पचलेला माणूस

आमच्या कंपनीचं पोस्टिंग ईशान्य सरहद्दीवरच्या नेफातल्या एका डोंगरमाथ्यावर झालं, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी हवालदार, साखरखेर्ड्याचा. माझ्या सेक्शनमधला लान्स नाईक शेषराव सुलतानपूरचा. एकाच जिल्ह्याचे म्हणून ड्यूटी नसली की तो मला दादा म्हणायचा.

शेषरावला लहानपणी शेताच्या धुऱ्यावर फुरसं चावलं होतं. तो वाचला. आमच्याकडे विषाला इख म्हणतात, आणि असा माणूस म्हणजे इख पचलेला माणूस. कडब्याच्या गंजीत साप दडतात, म्हणून ती उपसायची झाली की त्याला बोलावणं जायचं. पहिला हात त्याचा, मग बाकीच्यांचे. गावानं एकदा पदवी दिली की माणूस ती मिरवतच राहतो.

पोस्टवर सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज राहणं, मग गस्त, मग बंकरसाठी बांबू तोडणं. बांबूत हिरवा साप असायचा, तिकोनी डोक्याचा. कोकणातले जवान त्याला चापडा म्हणत. ऑर्डर साफ होती: आधी काठी, मग हात. शेषराव काठी खांद्यावर ठेवायचा.

"काठी लाव बे," मी म्हणायचो.

"मले चढत नाही, दादा. फुरशाचं पचलं, तं या हिरव्याचं काय घेऊन बसले?"

एका दुपारी साप त्याच्या मनगटाला डसला. तो कोणाला बोलला नाही. उलट भारा बांधून वर आणला, चहा घेतला. संध्याकाळी फॉल-इनला, रांगेत उभं राहताना, रायफल उचलता येईना, तेव्हा मी त्याची बाही वर केली. हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा झाला होता. हिरड्यांतून रक्त येत होतं.

"कधी चावलं?"

"दुपारी. उतरून जाईन."

आमच्या नर्सिंग असिस्टंटनं जवळ होतं तेवढं सापाच्या विषावरचं औषध टोचलं. मी वायरलेसवर बसलो.

"वन कॅज्युअल्टी. स्नेक बाइट. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर."

"मौसम खराब. डॉक्टर पैदल आ रहा है. ओव्हर."

डॉक्टर कॅप्टनसाहेब दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत पोचले. पुण्याकडचे होते. त्यांनी शेषरावचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी उभी करून ठेवली. बऱ्याच वेळानं तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं.

मला बाजूला घेऊन म्हणाले, "हवालदार, विष म्हणजे एक पदार्थ नसतो. त्यात बरंच काही मिसळलेलं असतं. एक रक्त गोठू देत नाही, एक मांस सडवतं. प्रत्येक सापाचं मिश्रण वेगळं. याच चापड्याचं खालच्या दरीतलं वेगळं आणि इथलं वेगळं असू शकतं. आपलं औषध ज्या चार सापांच्या विषावर बनतं, त्यांत हा नाही."

"पण साहेब, त्याला आधी फुरसं पचलंय."

"पचत नसतं. त्या वेळी विष कमी गेलं असेल. आता फुरसंच चावलं असतं तरी भरवसा नव्हता."

शेषराव डोळे मिटून पडला होता, पण ऐकत होता. थोड्या वेळानं त्यानं मला हाक मारली.

"दादा, मायले सांगजा, साप दुसरा होता."

पहाटे तो गेला. ढग त्यानंतर उघडले. मला आभाळाचा इतका राग पुन्हा कधी आला नाही.

रजेवर मी आधी सुलतानपूरला गेलो, मग घरी. शेषरावच्या ओसरीवर त्याची माय होती आणि गावातली चार-पाच माणसं. मी निरोप सांगितला.

मायनं विचारलं, "म्हंजे आपल्याकडचा साप असता, तं वाचला असता माहा लेक?"

हो म्हणणं सोपं होतं. पण समोर बसलेल्यांच्या गंज्या त्या हंगामातही उपसायच्या होत्या, आणि पहिला हात आता दुसऱ्या कोणाचा तरी जाणार होता.

"नाही, माय. इख कोणालेच पचत नाही. डॉक्टरसाहेबानं सांगितलं."

 ती त्या माणसांकडे वळली.

"मंग इतके वर्स माह्या लेकराचा हात पयले काऊन घातला रे?"

कोणी मान वर केली नाही.  देशासाठी गेला, हे वाक्य मी वाटेत पाठ केलं होतं. ते तसंच राहिलं.

आता मी पेन्शनर. माझ्या शेतात गंजी उपसताना आधी काठी लावतात. लोक हसतात, म्हणतात, हवालदार भितो. भितो मी. काठी कडब्यात शिरते तेव्हा मला शेषरावचा हात दिसतो, कोपरापर्यंत काळानिळा झालेला.