प्रस्तावनेची सहा पानं

कसबा पेठेत आमचं बाइंडिंगचं दुकान. स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढणारी माणसं छापलेले कागद घेऊन आमच्याकडे येतात. पुस्तकं बांधून निघून जातात, किस्से मागे राहतात. माझं शिक्षण सातवी. पुढचं सगळं दुसऱ्यांची पानं जुळवताना वाचलेलं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

*

कोथरूडहून एक निवृत्त इंजिनिअर छपाईआधी सल्ला विचारायला आले. आत्मचरित्र, तीन हजार प्रती.

मी विचारलं, "साहेब, घर किती खोल्यांचं?"

"दोन. का?"

"एकीत प्रती राहतील, दुसरीत तुम्ही. वहिनींची सोय कुठे केलीत?"

त्यांनी तीनशे काढल्या. संपल्यावर परत तीनशे. आता लग्नाला गेले की आहेराऐवजी स्वतःचं पुस्तक देतात. लोक त्यांना आधी फोन करून विचारतात, "येणार आहात का?"

*

सोळा पानांचा छापील कागद म्हणजे एक फर्मा. तो दुमडायचं काम आमच्या हमीदाबींचं. हात चालू, डोळे मजकुरावर.

एका तरुण कथालेखकानं त्यांना विचारलं, "कसं वाटलं पुस्तक?"

"बेटा, एका दुपारीत दुमडून झालं. कुठे अडकलेच नाही."

पोरगा खूश होऊन गेला. आठवड्यानं परत आला, चेहरा उतरलेला. म्हणाला, "अर्थ आत्ता कळला."

पण लिहीत राहिला. त्याचं दुसरं पुस्तक दुमडायला हमीदाबींना तीन दिवस लागले. त्याची एक प्रत मी गल्ल्याशेजारी ठेवली आहे. नवा लेखक आला की दाखवतो.

*

मग मालनबाई आल्या. शहरानं गिळलेल्या एका गावातल्या. प्रसूतिगृहात तीस वर्षं आया होत्या, त्याचंच पुस्तक. दुसऱ्याच फर्म्याला हमीदाबींचा हात थांबला. "शेठ, त्या जुळ्यांचं पुढे काय झालं? पुढचा फर्मा कुठाय?"

सगळं तयार होतं, फक्त सुरुवातीची पानं छापायची राहिली होती.

"थांबा भाऊ," मालनबाई म्हणाल्या. "पैल्या पानांत सहा पानांची प्रस्तावना यायची हाय. मोठे प्राध्यापक लिवणार हायेत. आयाचं पुस्तक नुसतं कोण हातात घेईल?"

एक दिवाळी गेली, दुसरी गेली. प्राध्यापक दर वेळी सांगायचे, "मनात पूर्ण झाली आहे, फक्त कागदावर उतरायची आहे."

मी म्हणालो, "बाई, मनातली प्रस्तावना मला शिवता येत नाही."

*

एके दिवशी मालनबाई वेगळीच बातमी घेऊन आल्या. वॉर्डच्या जुन्या सिस्टरांची दृष्टी चालली होती. अर्ध्या पुस्तकात त्याच होत्या.

"तीस वर्सांत मला एकदाबी 'बरं केलंस' म्हणाल्या नाहीत," मालनबाई म्हणाल्या. "त्यांनी हे वाचावं, येवढंच हाय."

"मग प्राध्यापकांसाठी कशाला थांबलात?"

त्यांनी फर्म्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "बांधा."

"आणि प्रस्तावनेची सहा पानं?"

"ऱ्हाऊ द्या कोरी."

पहिली प्रत हमीदाबींनी हातानं शिवली. मालनबाई ती घेऊन थेट सिस्टरांकडे गेल्या.

*

तीन आठवड्यांनी मालनबाईंनी तीच प्रत माझ्या टेबलावर आणून ठेवली. प्रस्तावनेच्या पहिल्या कोऱ्या पानावर मोठी, तिरकी अक्षरं होती. ओळी एकमेकींवर चढलेल्या. ड्युटीच्या वहीत लिहावं तसं सिस्टरांनी लिहिलं होतं:

"भिंग लावून तपासलं. तीन तारखा चुकल्या आहेत. बाकी सर्व खरं आहे. मालन प्रत्येक वेळी हजर होती."

खाली सही.

मी म्हणालो, "बाई, पुढच्या आवृत्तीत प्रस्तावना म्हणून हेच छापू."

मालनबाईंनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "छापा. पण आधी त्या तीन तारखा नीट करा भाऊ. सिस्टर परत तपासतील."