ठोका, डोकं, वार, पाणी

शैलजा मॅडमची न माझी पयली गाठ पडली ती रांगंत. आमच्या खोऱ्यातल्या सरकारी दवाखान्यात मी आया. त्या दिशी नव्या डॉक्टरीणबाई येणार म्हणून फरशी दोनदा पुसली व्हती. धाच्या सुमाराला सुती साडी, पायात रबरी चपला, हातात पिशवी आशा एक बाई पायरी चढून आल्या. मला वाटलं, कुणाची तरी आत्या आलीय भाचीला बघायला. मी म्हणलं, "पावणं, नंबर लावा. हितं वशिला चालत न्हाई."

त्या गप रांगंत उभ्या ऱ्हायल्या. पाऊण तास. पुढच्या-मागच्या बायांना कितवा महिना, कुठनं आलात, चालत का जीपनं, समदं इचारून घेतलं. नंबर आल्यावर आत गेल्या आन डॉक्टरच्याच खुर्चीत बसल्या. मी दारातनं वरडणार, तेवढ्यात म्हणल्या, "मंगलबाई ना तुम्ही? रांगेत तुमचंच कौतुक चाललं होतं. पाठवा पुढचा नंबर."

कौतुक काय चाललं व्हतं ते मला ठावं हाय. ते हितं लिहित न्हाई.

आता मॅडमना साठ पुरी झाली. गौरव समितीचे भाऊ घरी आले, म्हणले, "मावशी, गौरवाच्या पुस्तकासाठी दोन पानं लिहा, पर गोड लिहा. तुमच्या तोंडाचा भरवसा न्हाई." गोड लिहिणारे लई हायेत, ते लिहितील. मी सातवी शिकलेली बाई. मला लिहायला हाय ती माझी लाज. ती सात वरसं पदराखाली ठिवलीय. मॅडमना ती ठावं हाय, आन अजून एका घराला. आज समद्यांना सांगते.

मॅडम मशीन का शिकल्या ते पयलं सांगते. आमच्याकडं सोनोग्राफी नव्हती. घाटघरकडच्या बाया धा मिनटाच्या फोटूसाठी दिसभर जीपमधी आदळत जुन्नरला जायच्या. निम्म्या जायच्याच न्हाईत. आशाच एकीची वार खाली, पिशवीच्या तोंडाशी व्हती. वार म्हंजी बाळाला पोटात जेवण पुरवती ती. बाळाच्या मागनं पडती. ती तोंडाशी आसली की कळा नसताना रगत सुटतं. हात लावून ते कळत न्हाई, आमाला कळलं न्हाई. बाई वाचली, बाळ वाटंतच गेलं. त्या दिशी मॅडमनी जेवणाचा डबा उघडला न्हाई. दुसऱ्या दिशी ट्रेनिंगचा अर्ज लिहिला. तवा त्यांचं वय बावन्न.

मी म्हणलं, "मॅडम, या वयात शाळा? पाटी-पेन्शिल आणून दिऊ का?"

"आणा," म्हणल्या. "आणि दप्तर तुम्ही उचलायचं."

सा महिनं त्या शहरात शिकल्या. शिकवणारे डॉक्टर त्यांच्या लेकाच्या वयाचे. परत आल्यावर मॅडमनी मला सांगितलं, "मंगलबाई, पहिले पंधरा दिवस मला नुसता पाऊस दिसायचा, टीव्ही बिघडल्यासारखा. मग सरांनी सांगितलं, सगळं एकदम बघायला जाऊ नका. एकेक वस्तू शोधा, आणि सापडली की मोठ्यानं म्हणा. तोंड बोललं की डोळा थांबतो."

त्यांचं ते तवापासनं ठरलं. ठोका, डोकं, वार, पाणी. बाळाच्या काळजाचा ठोका हाय का, डोकं कुठं, वार कुठं, पाणी किती. याच वळीनं, मोठ्यानं, पाढे म्हणल्यावानी.

नोंदणीबिंदणी व्हऊन मशीन आलं. पाटीएवढं. मॅडमनी दारावर बोर्ड लावला आन मला शाळेतल्यासारखं उभं करून वाचायला लावला: हितं मुलगा का मुलगी ते सांगत न्हाईत, सांगणं गुन्हा हाय. मी ठसक्यात वाचला. म्हंजी मला ठावं नव्हतं आसं आज म्हणायला जागा न्हाई.

हात बसावा म्हणून मॅडमना कुणाचं तरी पोट पायजे व्हतं. गरवार बायांना उगा किती येळ निजवायचं? मला म्हणल्या, "तुम्ही येता का?" तांब्याभर पाणी पाजलं, लघवीची पिशवी भरल्याशिवाय आतलं दिसत न्हाई म्हणून. मी निजले. त्यांनी गार जेल लावलं आन इस्त्री फिरवायला लागल्या. मी त्या दांडक्याला इस्त्रीच म्हणती. मी म्हणलं, "मॅडम, जपून बघा. मालक जाऊन बारा वरसं झाली. आत काय सापडलं तर गावाला काय तोंड दावू?" मॅडम इतक्या हसल्या का मशीन खाली ठिवावं लागलं. डोळं पुसत म्हणल्या, "हलू नका हो, आत्ता पिशवी सापडली होती, गेली."

आसं महिनाभर माझ्या पोटावर शिकल्या. आन त्याच मशीनवर मी काय केलं, ते आता.

आमच्या खालच्या आळीला हौसाकाकू ऱ्हाती. तिची सून स्वाती, माहेरची लोणीची, गरीब सोभावाची. पयली मुलगी, तीन वरसांची. दुसऱ्या टायमाला पाचवा महिना. काकू तवा सांगत फिरायची, "औंदा नातू. पेढ्याची ऑर्डर दिऊन ठिवलीय." माझं न तिचं ल्हानपणापासनं हाडवैर, म्हंजी दोस्ती. तिला चिडवल्याबिगर माझं जेवण जिरत न्हाई.

त्या दिशी स्वाती आत निजलेली, मी पाय धरून उभी, काकू भायेर बाकड्यावर. मॅडम म्हणत व्हत्या, "ठोका, छान. डोकं, हे इथं. वार, डाव्या अंगाला, वर आहे, उत्तम. पाणी, भरपूर." स्वातीनं सुस्कारा टाकला. मी चादर घिऊन भायेर आले.

काकूनं पदर वढला. "मंगल, काय म्हणल्या गं?"

आमच्याकडं जुन्या बाया धरून चालत्यात, डाव्या अंगाला पोरगी, उजव्या अंगाला पोरगा. मला हे पाळण्यापासनं ठावं. मी डोळा मारला आन म्हणलं, "डावं हाय गं काकू. पेढं सोड, जिलबी सांग."

एवढंच. काकूचं तोंड उतरलं, मला लई मजा वाटली. चादर झटकत मी पुढं गेले. उद्या सांगू, चेष्टा केली म्हणून. उद्या मी इसरले.

पुढच्या तपासणीला स्वाती आली न्हाई. मॅडमनी वही बघितली. "स्वाती का नाही आली?"

मला माझी जिलबी आठवली. तोंड म्हणलं, "लोणीला गेली आसंल, माहेरी."

मॅडमनी कपाट उघडून दावलं. "माहेरी जाणारी बाई गोळ्या घेऊन जाते. तिच्या गोळ्या इथंच आहेत. चला."

गेलो. पडवीत कापडाची पिशवी भरून ठिवलेली. स्वाती खांबाला टेकून, डोळं सुजलेलं. काकू परातीत पीठ घिऊन भाकरी थापत व्हती, वाटंसाठी. मॅडमनी इचारलं, "कुठं निघालात?"

काकू म्हणली, "जायचंय एका ठिकाणी." मंग हात थांबला. "लपवून काय करू बाई? डावं हाय म्हणून तुमच्याच मंगलनं सांगितलं. दुसरी पोरगी न्हाई झेपायची आमाला."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी कोंबड्यांकडं बघितलं. जमीन फाटावी म्हणत्यात, ती फाटत न्हाई. कोंबड्या दाणं टिपत ऱ्हात्यात, आन आपल्याला उभं ऱ्हावं लागतं.

मला वाटलं मॅडम तिथंच माझं वाभाडं काढतील. त्या खाली बसल्या. परातीतलं पीठ हातानं पसरलं, बोटानं त्यात गर्भाची पिशवी रेखली, पिशवीत बाळ काढलं, आन डाव्या भिंतीला एक चपटा गोळा. म्हणल्या, "हौसाकाकू, डावी होती ती वार. बाळाचं जेवणाचं टोपलं. तुम्ही भाकरीचं टोपलं चुलीच्या कुठल्या हाताला ठेवता?"

"डाव्या."

"मग तुमच्या घरात फक्त बायकाच जेवतात का?"

काकू परातीतल्या गोळ्याकडं वाकली. मॅडम म्हणल्या, "मुलगा की मुलगी, मी बघितलं नाही. बघितलं असतं तरी सांगितलं नसतं. पण समजा मुलगीच आहे. मग?"

काकूच्या मांडीला टेकून थोरली नात निजली व्हती. काकूनं नकळत तिच्या डोईवर पिठाचा हात ठिवला व्हता. मॅडमनी तेवढंच दावलं. "ही कुठल्या अंगाची?"

"ही माझी हाय," काकू म्हणली.

"आणि पोटातली?"

खांबापासनं स्वातीचा आवाज आला. लगीन झाल्यापासनं मी त्या पोरीचा आवाज ऐकला नव्हता. ती म्हणली, "आत्याबाई, मला न्हाई जायचं. मी हितंच बाळंत व्हणार. मॅडमच्या हातनं."

काकूनं पिशवीतनं स्वातीचं लुगडं काढलं आन दोरीवर टाकलं. तेच उत्तर.

येताना वाटंत मॅडम झपाझपा पुढं, मी मागनं. मी म्हणलं, "मॅडम, चेष्टा केली व्हती." त्या म्हणल्या, "माहीत आहे." त्यापरास दोन थोबाडीत दिल्या आसत्या तर बरं व्हतं.

पर माझी लाज हितं सरली न्हाई. गावात बोलणं फिरलंच, मॅडम डावं-उजवं सांगत्यात म्हणून. कुणीतरी तक्रारीचा अर्ज केला. तपासणीला साहेब आले, मशीनला सील ठोकलं. मॅडमच्या टेबलापाशी बसून त्यांनी इचारलं, "ही डाव्या-उजव्याची भाषा बाहेर कुणी नेली?"

मी कपाटापाशी चादरीची घडी घालत उभी. एकच वाक्य बोलायचं व्हतं. सगळ्या गावाला बोलून गप करणारी मी, तीच घडी मोडून परत घातली. कंत्राटाची नोकरी, मागं कुणी न्हाई, ही कारणं मी तवा मनात मोजली. आज ती कारणं मला कारणं वाटत न्हाईत.

मॅडम म्हणल्या, "मी शिकताना मोठ्यानं बोलत होते. चूक माझी आहे." आन तसं लिहून सही केली.

दीड महिना मशीन बंद. मॅडम परत हातानं न ठोका ऐकायच्या नळीनं तपासायच्या आन वारंची शंका आली का सोता बाईसंगं जुन्नरला जीपमधी बसायच्या. चौकशीत काय निघालं न्हाई, सील निघालं. पर त्या कागदावर "चूक माझी" आसं अजून मॅडमच्या हातचं हाय.

सील निघाल्यावर मॅडमनी मला म्हणलं, "मंगलबाई, आता तुम्ही आतच थांबायचं, तपासणी संपेपर्यंत." मी थांबले. बाई निजली, इस्त्री फिरली. मॅडमचे ओठ हलत व्हते, आवाज नव्हता. ठोका, डोकं, वार, पाणी, समदं मुक्यानं. बाईला काय सांगायचं ते उठल्यावर तिच्या कानाशी सांगायच्या. जी बाई बावन्नाव्या वरसी बोलत बोलत शिकली, तिचं बोलणं मी बंद केलं. तवापासनं किती बायांची वार येळंवर सापडली, किती जणींना आदीच मोठ्या दवाखान्यात धाडलं, ते बाकीचे लिहितील. मला त्या खोलीतली शांतता ऐकू येती, दर मंगळवारी, तपासणीच्या दिशी.

स्वाती आमच्याच दवाखान्यात बाळंत झाली. मॅडमनी बाळ आईपाशी दिलं आन मला म्हणल्या, "जा, हौसाकाकूला तुम्ही सांगा." मला कळलं, या मुद्दाम मला धाडत्यात. भायेर गेले. काकू बाकड्यावर, त्याच जागी. मी म्हणलं, "बाळ रडलं. दोघंबी सुखरूप."

मला वाटलं, आता इचारंल. काकूनं मांडीवरचा डबा पुढं केला, म्हणली, "स्वातीनं काय खाल्लं का? शिरा आणलाय."

आता वाचणारे इचारत्याल, मंग झालं काय, मुलगा का मुलगी? इचारा. मॅडमच्या हाताखाली येवढी वरसं काढून मी तेवढं तर शिकले.

मॅडम, तो कागद सरकारी फायलीत हाय, तो मला खोडता येत न्हाई. म्हणून या पुस्तकात लिहिते, छापलेलं खोडलं जात न्हाई म्हणून: चूक तुमची नव्हती, माझी व्हती. मंगल आयाची.

आन एक मागणं. सत्काराच्या दिशी लोक शाली घालतील, भाषण करा म्हणतील. भाषण नगा करू. ते चार सबुद एकदा म्हणा, पयल्यासारखं, मोठ्यानं. डावं-उजवं ऐकाय कुणी आलंच आसंल, तर मी दारात उभी हाय, बघून घिते.

तुमचा ठोका आसाच नीट चालू दे. डोकं तर हायेच, आमच्या समद्यांच्या वाटणीचं. आमच्या घाटघरच्या पोरींची वार तुमच्या शंभरीतबी तुम्हीच हुडकून काढा. आन पाणी म्हणाल, तर ते आज माझ्या डोळ्याला हाय, पर काकूला सांगू नगा. ती आयुष्यभर चिडवंल.